विजयाच्या दिवशीं

बॅडमिंटनविषयीं पुणेकरांनीं अभिमान बाळगावा असें एक कारण आहे, परंतु तें बहुतेक पुणेकरांस ठाऊक नसतें. इ. स. १८७० च्या सुमारास इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनीं ह्या खेळाचे पहिले नियम पुण्याच्या छावणींत बसून तयार केले, व कांहीं काळ त्याला ‘पूना’ हेंच नांव होतें. पुढें ग्लॉस्टरशायरमधील एका ड्यूकच्या वाड्याचें नांव त्याला चिकटलें आणि आमच्या गांवाचें पुसलें गेलें. हें आम्हीं वर्गांत अनेकदां सांगितलें आहे. मुलें शांतपणें ऐकून घेतात. परीक्षेंत न येणाऱ्या गोष्टीच प्राध्यापकांना अधिक येतात, असें त्यांचें मत असावें.

तरुणपणीं आम्ही स्वतः वसतिगृहामागच्या सिमेंटच्या मैदानावर हा खेळ खेळत असूं. शटलला त्या वेळीं आम्ही ‘फूल’ म्हणत होतों, आणि अजूनही आमच्या तोंडीं तोच शब्द येतो. सोळा पिसांचें, वजनानें जेमतेम पांच ग्रॅमचें तें फूल वाऱ्याबरोबर कोठेंही जाई, आणि हरल्यावर वाऱ्याला दोष देण्याची सोय होई. पुढें नोकरीच्या ओघांत महाविद्यालयाच्या जिमखान्याचें प्रमुखपद आमच्याकडे आलें व बारा वर्षें राहिलें. त्या बारा वर्षांविषयीं पुढें लिहावें लागणार आहे. तूर्त तें बाजूस ठेवूं.

२०२३ च्या जानेवारींत एका चर्चासत्रासाठीं आम्ही दिल्लीस गेलों होतों. तेथें आमचा भाचा नोकरीनिमित्त असतो. चर्चासत्र शनिवारीं आटोपलें. रविवारीं, म्हणजे २२ तारखेस, सकाळीं चहा घेतांना तो म्हणाला, “मामा, आज इंडिया ओपनची फायनल आहे. तिकिटं मिळाली आहेत. येता का?” आम्ही लगेच उठलों. चर्चासत्रांत तीन दिवस बसलेल्या माणसाला कोणींतरी धांवतांना पाहण्याची तीव्र इच्छा होते, हें अनुभवी लोकांस सांगावयास नको.

ज्या क्रीडागृहांत हे सामने होते त्याला के. डी. जाधव ह्यांचें नांव आहे. आजूबाजूच्या प्रेक्षकांना तीं केवळ आद्याक्षरें वाटत असतील. आम्हांला मात्र कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा आठवले. १९५२ सालीं हेलसिंकीहून त्यांनीं कुस्तींतलें कांस्यपदक आणलें. स्वतंत्र भारतासाठीं एकट्यानें मिळविलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. हेलसिंकीस जाण्यासाठीं त्यांना पैसे कमी पडले तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर ह्यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकलें, असें सांगतात. जिमखान्याच्या कोणत्याही माणसाला ही गोष्ट ऐकतांना थोडें अवघडल्यासारखें होतें. आम्हांला बरेंच होतें.

त्या दिवशीं स्त्रियांच्या एकेरीचा अंतिम सामना जपानची अकाने यामागुची व कोरियाची आन से-यंग ह्यांच्यांत होता. कोरियांत आडनांव आधीं लावतात. तेव्हां आन हें घराणें आणि से-यंग ही मुलगी. तिचें वय वीस. यामागुची ही त्या वेळची जगज्जेती. उंचीनें लहान, पण पायांत पारा भरलेला. पहिला डाव तिनें २१-१५ असा घेतला, व आम्ही भाच्याला म्हणालों, “ही कोरियाची मुलगी फारसं काहीच करीत नाही.” भाचा हंसला व म्हणाला, “मामा, थोडं थांबा.”

थांबल्यावर दिसूं लागलें. मैदानाची एक बाजू म्हणजे बावीस फूट लांब व सतरा फूट रुंद जागा. तिच्या ज्या कोपऱ्यांत फूल पडावें त्या कोपऱ्यांत ही मुलगी आधींच पोहोंचलेली असे, आणि फूल परत गेलें कीं पुन्हां मध्यावर. धांवपळ दिसत नाहीं, आदळआपट नाहीं. स्वयंपाकघरांत एके जागीं उभें राहून चारी फडताळांपर्यंत हात पोहोंचणारी एखादी जुनी गृहिणी असते, तसें कांहीं तिच्या हालचालींत होतें. यामागुचीनें जोरानें मारलेलें फूल ती जमिनीपासून वीतभर उंचीवर गांठी आणि उंच, खोल, मागच्या रेषेपर्यंत परत पाठवी. म्हणजे यामागुचीला पुन्हां तेवढ्याच कष्टानें तेंच सारें पहिल्यापासून करावें लागे. दुसऱ्या डावाच्या मध्यापर्यंत यामागुचीच्या चेहऱ्यावर जें दिसलें त्याला थकवा म्हणतां येणार नाहीं. कितीही पैसे मोजले तरी व्याजच फिटतें आणि मुद्दल तसेंच राहतें, अशा माणसाच्या चेहऱ्यावरचा तो भाव होता. पुढचे दोन डाव २१-१६, २१-१२.

त्या दिवसापासून आम्ही ह्या मुलीच्या मागें लागलों. वर्तमानपत्रांतील तिची बातमी कापून ठेवावयाची, सामना दाखवीत असतील तर पाहावयाचा, असा क्रम सुरू झाला. आमच्या सौभाग्यवतींना प्रथम ह्याचें हंसूं आलें. मागाहून त्याही शेजारीं येऊन बसूं लागल्या.

से-यंगचा जन्म ५ फेब्रुवारी २००२ चा, दक्षिण कोरियाच्या नैर्ऋत्येकडील नाजू गांवचा. हें गांव तिकडे नासपतींसाठीं प्रसिद्ध आहे. वडील मुष्टियोद्धे, राष्ट्रीय संघांत राहिलेले, आई जिम्नॅस्ट. आईवडील हौसेनें बॅडमिंटन खेळावयास जात, त्यांच्या मागोमाग ही प्राथमिक शाळेंतली पोर जाऊं लागली. २०१७ च्या अखेरीस राष्ट्रीय संघाच्या निवडीसाठीं सामने झाले, त्यांत ह्या पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलीनें थोरामोठ्या खेळाडूंस हरवीत एकही सामना न गमावतां संघांत जागा मिळविली. दोन वर्षांनीं, सतराव्या वर्षीं, तिनें पॅरिसला फ्रेंच ओपनच्या अंतिम सामन्यांत स्पेनच्या कॅरोलिना मारीनला हरविलें. मारीन म्हणजे रिओची ऑलिंपिक विजेती. तिला ह्या मुलीनें शेवटच्या डावांत अवघे पांच गुण दिले.

येथपर्यंतची हकीकत वाचून कोणास वाटेल कीं, ही एक जन्मजात अलौकिक बुद्धीची गोष्ट आहे. आम्हांला तसें वाटत नाहीं, आणि ह्याचें कारण चेन यू-फेई. ह्या चिनी खेळाडूशीं से-यंगची गांठ २०१८ सालीं जकार्त्याच्या आशियाई स्पर्धेंत पडली, तेव्हां ती पहिल्याच सामन्यांत हरून घरीं आली. २०२१ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें उपांत्यपूर्व फेरींत पुन्हां चेन. ह्या खेपेस घोटा मुरगळला, आणि १८-२१, १९-२१ असा पराभव. एकूण सात वेळां ती चेनपुढें उभी राहिली व सातही वेळां हरली. आठव्यांदा, २०२२ च्या जुलैंत मलेशियांत, ती जिंकली. सात वेळां पडून आठव्यांदा उठणें, अशा अर्थाची एक म्हण कोरियांत आहे. म्हणी सहसा इतक्या अक्षरशः खऱ्या होत नाहींत.

त्यानंतरचें २०२३ हें वर्ष तिचेंच. दिल्लीनंतर दोन महिन्यांनीं तिनें ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. अंतिम सामना चेनशींच, शेवटचा डाव २१-१९. ह्या स्पर्धेशीं आपलाही थोडा संबंध आहे. १९८० सालीं आपले प्रकाश पडुकोण तेथें विजयी झाले, आणि लगेच पुढच्या वर्षीं ह्वांग सुन-ए ह्या कोरियन मुलीनें तेथें स्त्रियांची एकेरी जिंकून आपल्या देशाला ही वाट दाखविली. पुढें १९९६ मध्यें बांग सू-ह्यन हिनें तेथें विजय मिळविला व त्यानंतर सत्तावीस वर्षें कोरियाच्या वांट्याला तो आला नव्हता. बांग ही एका प्रसिद्ध विनोदी नटाची मुलगी. बार्सिलोनाला इंडोनेशियाच्या सूसी सुसांतीकडून अंतिम सामना हरलेली, चार वर्षांनीं अटलांटाला त्याच सूसीला उपांत्य फेरींत हरवून सुवर्णपदक घेणारी. से-यंगच्या प्रत्येक विजयाच्या बातमींत ‘बांगनंतर प्रथमच’ हे शब्द येत. ऑगस्टमध्यें जगांतील पहिला क्रमांक, बांगनंतर प्रथमच. त्याच महिन्यांत कोपनहेगनला ती जगज्जेती झाली, तेव्हां मात्र ते शब्द लागू पडेनात. कारण ही गोष्ट बांगलाही साधलेली नव्हती.

आणि मग ऑक्टोबरची ७ तारीख, चीनमधलें हांगचौ. आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, समोर पुन्हां चेन यू-फेई, भोंवतीं सारें क्रीडागृह चेनच्या बाजूचें. पहिल्या डावाच्या अखेरीअखेरीस फूल गांठतांना से-यंगचा उजवा गुडघा दुखावला. ती खालीं बसली. औषधोपचार झाला, पट्टी बांधली. प्रेक्षकांत तिची आई होती. मुलीचा पाय आई ओळखते. त्यांतही ही आई स्वतः शरीराच्या कसरती केलेली. तिनें वरून ओरडून सांगितलें, “पुरे कर, सोडून दे!” हें दुसऱ्या दिवशीं सगळ्या कोरियन वर्तमानपत्रांत आलें. मुलगी उठली. तो डाव तिनें २१-१८ असा घेतला, दुसरा गमावला, आणि तिसऱ्यांत, जेथें पायाची खरी परीक्षा, तेथें चेनला आठ गुणांवर अडवून सामना जिंकला. तपासणींत गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध अंशतः फाटल्याचें निघालें.

हा सामना आम्ही दोघांनीं बरोबर पाहिला. शेवटच्या गुणानंतर ती मैदानावर आडवी झाली तेव्हां आम्ही टाळ्या वाजविल्या. सौभाग्यवतींनीं वाजविल्या नाहींत. त्या म्हणाल्या, “आईचं ऐकायला हवं होतं.” आम्हीं त्यावर खेळाडूच्या जिद्दीविषयीं एक लहानसें व्याख्यान दिलें. जिमखान्याच्या प्रमुखास अशीं व्याख्यानें पाठ असतात.

पुढें काय झालें तें प्रसिद्ध आहे. २०२४ च्या ऑगस्टची ५ तारीख, सोमवार, पॅरिसचें ऑलिंपिक. त्या स्पर्धेंतला स्त्रियांच्या एकेरीचा शेवट म्हणजे गुडघ्यांचीच कथा होती. उपांत्य सामन्यांत मारीन चीनच्या ह बिंग-ज्याओवर एक डाव घेऊन दुसऱ्यांतही पुढें असतांना तिचा गुडघा निकामी झाला व ती रडत मैदानाबाहेर गेली. से-यंगही दोन सामन्यांत पहिला डाव गमावून मग सांवरली होती. अंतिम सामना तिनें २१-१३, २१-१६ असा सहज जिंकला. पदकें देतांना बिंग-ज्याओनें हातांत स्पेनच्या संघाचें एक लहानसें बोधचिन्ह धरलें होतें, गैरहजर मारीनसाठीं. असा प्रसंग क्वचित् दिसतो. आमचे डोळे भरून आले, हें कबूल करण्यास हरकत नाहीं.

पण त्याच दिवशीं, पदक गळ्यांत असतांनाच, से-यंगनें वार्ताहरांसमोर जें सांगितलें त्यानें साऱ्या कोरियांत खळबळ उडाली. आपली दुखापत समजली गेली त्याहून पुष्कळ गंभीर होती. ती हलकी लेखली गेली. ह्या बाबतींत संघटनेनें आपली फार निराशा केली, आणि ह्यापुढें राष्ट्रीय संघाबरोबर चालणें आपणांस कठीण दिसतें, असा तिच्या बोलण्याचा आशय होता. आभार मानले ते शरीराची निगा राखणाऱ्या आपल्या एका शिक्षिकेचे, जी तिच्याबरोबर पॅरिसला आलेलीच नव्हती. हांगचौनंतर प्रथम सांगण्यांत आलें होतें कीं, दोन ते सहा आठवड्यांत पाय बरा होईल. मागाहून दुसरीकडे तपासणी केली तेव्हां कळलें कीं, ऑलिंपिकपर्यंतचा काळ दुखणें सोशीतच काढावा लागेल. तो तिनें तसा काढला होता.

हें वाचून आम्ही नाराज झालों. पहिला पेला चहा संपेपर्यंत आमचें मत तयार होतें. एवढा आनंदाचा दिवस. देशाला अठ्ठावीस वर्षांनीं एकेरीचें सुवर्णपदक. अशा वेळीं घरचीं धुणीं चव्हाट्यावर धुवावींत काय? आणि हें आम्हीं मोठ्यानें बोलून दाखविलें.

सौभाग्यवती भाजी निवडीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. “मग तिनं बोलायचं तरी कधी?” त्या म्हणाल्या. “खेळायच्या आधी बोलली असती तर उर्मट ठरली असती. हरल्यावर बोलली असती तर तुम्हीच म्हणाला असता, हरली म्हणून बोलते. एकच दिवस असतो अहो, जेव्हा कुणी तोंड दाबू शकत नाही. तो तिनं हेरला.” मग थोड्या वेळानें, भाजीचें ताट उचलतां उचलतां, “तुमच्या त्या साताऱ्याकडच्या मुलीनं तरी कुठं तोंड उघडलं? तिला असा दिवसच मिळाला नाही.”

आतां त्या बारा वर्षांविषयीं.

२००४ सालची गोष्ट. आमच्या महाविद्यालयाचा मुलींचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरींत पोहोंचला होता, आणि तो पोहोंचला होता एका मुलीच्या जोरावर. सातारा जिल्ह्यांतल्या एका खेड्यांतून आलेली, वसतिगृहांत राहणारी, बोलण्यांत थोडी बुजरी. उपांत्य सामन्यांत तिचा गुडघा मुरगळला. त्या संध्याकाळीं ती मैत्रिणीच्या आधारानें आमच्या घरीं आली व दाराशींच म्हणाली, “सर, उद्या नाही जमणार बहुतेक.” आमच्या पत्नीनें तिला आंत बसविलें, गुडघा पाहिला आणि आंबेहळदीचा लेप गरम करावयास त्या स्वयंपाकघरांत गेल्या. तेवढ्या वेळांत आम्हीं दोनच वाक्यें बोललों. पहिलें, “कॉलेजला नऊ वर्षांनी फायनल मिळाली आहे.” दुसरें, “एका दिवसाचा तर प्रश्न आहे.” आवाज चढविला नाहीं, धाक घातला नाहीं. ती म्हणाली, “हो सर.”

दुसऱ्या दिवशीं ती खेळली व जिंकली. ढाल आली. प्राचार्यांनीं आमचे हात हातांत घेतले. त्या वर्षाच्या वार्षिक अंकांत जिमखान्याचा अहवाल आम्हींच लिहिला, आणि त्यांत ह्या मुलीविषयीं ‘शिस्त व खिलाडूवृत्ती ह्यांचा आदर्श’ असे शब्द घातले. पुढच्या वर्षीं निवडीला ती आली नाहीं. विचारलें तेव्हां म्हणाली, “पाय अजून नीट नाही, सर.” तक्रारीचा सूर नव्हता. ती बी. ए. झाली व गांवीं गेली. पुढें कित्येक वर्षें, हल्लींच्या मुलांच्या उद्धटपणाविषयीं बोलणें निघालें कीं, आम्ही तिचें उदाहरण देत असूं: पूर्वीच्या मुलींवर संस्कार कसे असत पहा.

सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून तीं दोन वाक्यें ऐकत होत्या, हें आम्हांला वीस वर्षांनीं, भाजीच्या ताटावरून कळलें.

त्या दुपारीं आम्हीं माळ्यावरून तो जुना अंक काढला. ढालीसह संघाचें छायाचित्र त्यांत आहे. मध्यभागीं आम्ही खुर्चीवर, आजच्यापेक्षां पुष्कळ केंसांसह. ती मुलगी मागच्या रांगेंत कडेला उभी; सारा भार डाव्या पायावर, आणि एक हात शेजारच्या मुलीच्या खांद्यावर घट्ट धरलेला. तो हात मैत्रीचा आहे, असें आम्ही इतकीं वर्षें समजत होतों.

येथें एक अडचण आहे, ती टाळणें बरें नव्हे. हांगचौला से-यंगवर कोणींही सक्ती केली नव्हती. उलट आई सोड म्हणत असतां ती स्वतःच्या इच्छेनें खेळली. मग तिनें दुखण्याचा दोष दुसऱ्यांस कां द्यावा, असा प्रश्न कोरियांतही विचारला गेला. आम्हांला वाटतें, तिची तक्रार त्या एका सामन्याची नव्हतीच. सामन्यांत उठून उभें राहणें हा खेळाडूचा हक्क आहे. पण दुसऱ्या सकाळीं तो पाय कोणाच्या ताब्यांत असतो, हा निराळा प्रश्न आहे. कोणत्या वैद्याला दाखवावयाचें, किती विश्रांति घ्यावयाची, बूट कोणते घालावयाचे, हें सारें दुसरा कोणीतरी ठरवितो, आणि खेळाडूनें फक्त ‘हो’ म्हणावयाचें. तें ‘हो’ नेमकें कोणाचें? आमच्या विद्यार्थिनीच्या ‘हो सर’मधला ‘हो’ तिचा होता कीं ‘सर’ ह्या शब्दानें तो तिच्या तोंडून काढून घेतला, हें आम्हांला अजून उलगडलेलें नाहीं. उलगडलें आहे, पण लिहिण्याचें धैर्य होत नाहीं, असेंही कोणी म्हणेल.

से-यंगच्या बोलण्यानंतर कोरियाच्या क्रीडामंत्रालयानें चौकशी केली व सप्टेंबरांत तिचे प्राथमिक निष्कर्ष बाहेर आले. ते वाचतांना आम्हांला एखाद्या जुन्या एकत्र कुटुंबाची वही वाचल्यासारखें झालें. संघटनेचा करार ज्या कंपनीशीं असेल तिचीच रॅकेट व तिचेच बूट खेळाडूनें वापरले पाहिजेत. पायाला फोड आले तरी तेच. राष्ट्रीय संघांत नसलेल्या खेळाडूला स्वतःच्या हिंमतीवर परदेशच्या स्पर्धांत उतरावयाचें असेल तर पुरुषानें अठ्ठावीस व स्त्रीनें सत्तावीस वर्षांची होईपर्यंत थांबावें, आणि तत्पूर्वीं पांच वर्षें संघांत काढलेलीं असावींत. शिक्षकांच्या आज्ञा पाळल्याच पाहिजेत, असेंही नियमांत लिहिलेलें. शिवाय, संघांत वयानें लहान असल्यामुळें से-यंगनें वरिष्ठ खेळाडूंच्या रॅकेटांना तारा ओवणें, त्यांच्या खोल्या झाडणें, कपडे धुणें असलीं कामें वर्षानुवर्षें केलीं, असें तेथील वृत्तपत्रांत छापून आलें. जगांत पहिल्या क्रमांकाचा तो मनगटी हात दुसऱ्याचे कपडे पिळीत होता, हें वाचून मात्र आमच्या घरांत कोणी कोणाला व्याख्यान दिलें नाहीं.

सगळेच तिच्या बाजूचे होते असें नव्हे. दस्तुरखुद्द बांग सू-ह्यन हिनेंही तिनें निवडलेल्या वेळेविषयीं नापसंती दर्शविली. राष्ट्रीय संघाचें खडतर जिणें आम्हीं सर्वांनींच काढलें आहे, असा तिचा रोख होता. ह्यांत आम्हांला नवल वाटलें नाहीं. ज्यांनीं सोसलें त्यांना सोसणें हाच नियम वाटूं लागतो. आमच्याही लहानपणच्या मास्तरांच्या छड्या आम्ही आज प्रेमानेंच आठवतों. से-यंगनें स्वतः मायदेशीं परततांना सांगितलें कीं, आपल्याला भांडावयाचें नाहीं, खेळाडूंचें म्हणणें समजून घ्यावें इतकेंच आपलें मागणें आहे. त्या शरदांत तिला आपल्या पसंतीचे बूट घालण्याची परवानगी मिळाली. २०२५ च्या जानेवारींत संघटनेचा अध्यक्ष बदलला. नवे अध्यक्ष किम दोंग-मून हे स्वतः दोन ऑलिंपिक सुवर्णपदकें मिळविलेले जुने खेळाडू.

आणि ती पुन्हां खेळूं लागली. २०२५ च्या मार्चमध्यें ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यांत चीनच्या वांग झी-यीविरुद्ध पहिला डाव हरून, दीड तासाहून अधिक वेळ झुंजून तिनें तें अजिंक्यपद पुन्हां घेतलें. त्याच ऑगस्टमध्यें पॅरिसला जागतिक स्पर्धेच्या उपांत्य फेरींत चेन यू-फेईनें तिला सरळ दोन डावांत हरविलें, तेव्हां आम्हांला थोडें बरेंही वाटलें. चेन अद्याप आहे, म्हणजे गोष्ट अद्याप संपली नाहीं. वर्षभरांत एकंदर अकरा स्पर्धा तिनें जिंकल्या. एका वर्षांत अकरा हा आंकडा त्यापूर्वीं एकेरींत एकट्या केंतो मोमोता ह्या जपानी खेळाडूनें २०१९ सालीं गांठला होता.

अकरावी स्पर्धा डिसेंबरच्या अखेरीस झाली, ती हांगचौलाच. समोर पुन्हां वांग झी-यी. आम्ही दोघें शाली पांघरून बसलों होतों. पहिला डाव से-यंगचा, दुसरा निसटला. तिसरा सुरू होण्यापूर्वीं ती बाकावर बसून पाणी प्याली व उठतांना एकदां खालीं वांकली. बुटाची नाडी असेल. सौभाग्यवती एकदम पुढें सरकल्या.

“हेच ना हो ते गाव?”

“हेंच.”

“आई आली असेल का तिची?”

पडद्यावर प्रेक्षकांच्या रांगा क्षणभर दिसून गेल्या. शेंकडों चेहरे, हातांत पिवळे-तांबडे कागद. आम्हीं चष्मा पुसून पुन्हां लावला आणि पुढच्या खेपेस त्या रांगा दिसण्याची वाट पाहूं लागलों.